नवजात शिशुकक्षातील शिक्षण : प्रसाविका विद्यार्थिनींसाठी काही अनुभव, काही टिपणे

माणसाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेकजण म्हातारपणाचे नाव घेतील. वैद्यकशास्त्र मात्र जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांकडे बोट दाखवते. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार भारतात जिवंत जन्मलेल्या दर १००० बालकांमागे २० बालके या २८ दिवसांतच दगावली. महाराष्ट्रात हे प्रमाण ११ होते. कमी दिवसांचे जन्मणे, जन्मतः श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची प्रमुख कारणे होत. अशा बालकांसाठी जिल्हा पातळीवर विशेष नवजात शिशुकक्ष असावा, हा विचार आपल्या देशात पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ साली प्रत्यक्षात आला. पुढे २०११ साली केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आज जिल्हा रुग्णालयांतून असे कक्ष चालू आहेत. कागदोपत्री नाव काही असो, आपल्या वस्तीत त्याला ‘काचेची खोली’ म्हणतात आणि ‘बाळ पेटीत ठेवलंय’ एवढे वाक्य ऐकले की घरातल्या बायका रडू लागतात.

या कक्षात परिचर्या व प्रसाविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींना काही आठवडे पोस्टिंगवर पाठविले जाते. आम्ही दोघीही तशाच गेलो होतो. संस्थेच्या अभ्यासिकेत बसून आम्ही बारावी केली, पुढे तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आज आमच्यापैकी एक ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, तर दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. अभ्यासिकेतल्या आणखी काही मुली आता याच वाटेने निघाल्या आहेत. त्यांना पुस्तकात जे मिळणार नाही ते सांगावे, म्हणून हा लेख. लेखात सर्वत्र ‘आम्ही’ म्हटले आहे ते थोरपणासाठी नव्हे. जी चूक पुढे सांगणार आहोत ती दोघींनी मिळून केली होती.

पहिला आठवडा

प्रसूतिकक्षातून आम्ही या कक्षात आलो तेव्हा थोडा ताठा होता हे कबूल केले पाहिजे. केस-बुक जवळजवळ भरले होते, बाळ हाती घ्यायची सवय झाली होती. परंतु प्रसूतिकक्षातले बाळ रडत, लाथा मारत येते. इथले बाळ ९८० ग्रॅमचे. किराणा दुकानातला साखरेचा एक किलोचा पुडा हातात घेऊन पाहा, त्याहून ते हलके. कातडी इतकी पातळ की शिरा दिसतात. हात लावला तर काहीतरी तुटेल अशी भीती वाटते. आमच्या तुकडीतली एक मुलगी पहिल्या दिवशी दोन तास हात मागे बांधून उभी होती, आणि तिला कोणी हसले नाही, कारण आम्हा सर्वांची तीच गत होती.

दुसरा धक्का उन्हाळ्याचा. खोली मुद्दाम उबदार ठेवतात, पंखा नसतो, अंगावर गाऊन. सतत कुठल्यातरी यंत्राची घंटी वाजत असते आणि सुरुवातीला प्रत्येक घंटीला आपला जीव जातो. आठ दिवसांत त्या घंटीची सवय होते, आणि खरे सांगायचे तर ही सवय भीतीपेक्षा वाईट.

पहिल्या आठवड्यात आम्हांला कोणी काही शिकविले नाही. लिनन मोजणे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, ट्रॉली पुसणे, मावशी नसतील तेव्हा त्यांचे काम करणे, यात दिवस जाई. आमची नावे कोणाला ठाऊक नव्हती. ‘ए स्टुडंट’ अशी हाक होती. यात कक्षातल्या सिस्टरांचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन ते चार खाटांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी. आम्ही होतो तिथे दिवसपाळीतही हे जमत नसे. ज्या बाईला श्वास घ्यायला सवड नाही, तिने विद्यार्थिनीला सलाईनचा हिशेब समजावून सांगावा ही अपेक्षा कोणी ठेवावी? परंतु ट्यूटर मॅडमनी सहीसाठी दिलेल्या तक्त्यात मात्र सर्व कौशल्यांपुढे ‘शिकविले’ असा रकाना होता.

दुसऱ्या आठवड्यात एका ज्येष्ठ अधिपरिचारिकांनी आम्हांला जवळ बोलावले. त्यांनी सुरुवात यंत्रांपासून केली नाही. ‘आधी हात दाखवा’ म्हणाल्या. नखे, अंगठी, बांगड्या, घड्याळ. मग कोपरापर्यंत दोन मिनिटे साबणाने हात धुवायला लावले आणि स्वतः घड्याळ लावून उभ्या राहिल्या. एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जाताना पुन्हा. दिवसाच्या शेवटी आमच्या हातांची सालपटे निघत.

हात धुण्याचा इतिहास विद्यार्थिनींनी मुद्दाम वाचावा, कारण त्यात आपल्याच शाखेच्या मुली आहेत. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात प्रसाविका विद्यार्थिनी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक होत्या, इतक्या की तिथे नको, दुसऱ्या विभागात ठेवा, म्हणून बायका गयावया करीत. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शोध घेतला तेव्हा दिसले की वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून तसेच प्रसूतीला येत. १८४७ साली त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुष्कळांनी त्यांचे ऐकले नाही. हात डॉक्टरांचेच असल्यामुळे ते मान्य करणे जड गेले असावे.

ऊब आणि दूध

शिशुकक्षात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु विद्यार्थिनीच्या हातात खरोखर जे येते ते दोनच गोष्टींत मावते : ऊब आणि दूध. औषधाचा डोस डॉक्टर लिहितात. बाळ गार पडले आहे हे मात्र ज्याचा हात लागेल त्यालाच कळते.

बाळाचे काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल तर हाताने पाहता येते. हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला लावावी, मग पायाच्या तळव्याला. दोन्ही गरम असतील तर ठीक. पोट गरम पण पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडते आहे. दोन्ही गार असतील तर ते हरत चालले आहे. थंडीशी झगडताना बाळ अंगातली साखर जाळते, प्राणवायू जास्त वापरते, आणि वजन वाढण्याऐवजी घटते. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात चरबी नसते, त्यामुळे हे सर्व फार लवकर होते. नुसत्या ओल्या लंगोटानेही होते.

दुधाचे गणित दिवसांवर आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधीचे बाळ अंगावर पिऊ शकत नाही. फार लहान असेल तर तोंडातून घातलेल्या नळीने आणि ३२ आठवड्यांच्या पुढे वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने आईचेच काढलेले दूध देतात. पलाडाई हे नाव ऐकून आम्ही घाबरलो होतो. प्रत्यक्षात पाहिले तर ते आपल्या आजीचे बोंडले! चोच असलेले छोटे भांडे, कक्षात स्टीलचे. आजी बोंडल्याने गुटी पाजायची. ती गुटी बरी नव्हे, पण भांडे चांगले होते. पहिला पिवळा चीक पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे. आजारी बाळासाठी तर तो चीक औषधासारखा जपून, थेंब थेंब गोळा करून आणावा लागतो. हे त्या आईला कोणी सांगायचे? डॉक्टरांना वेळ नसतो. प्रसाविका विद्यार्थिनीने सांगायचे.

प्राणवायूविषयी एकच सांगतो. नातेवाइकांना वाटते की जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगले. नवख्या विद्यार्थिनीलाही तसेच वाटते. १९४२ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी कमी दिवसांच्या बाळांत आढळलेल्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पेट्यांत मोकळ्या हाताने सोडलेला प्राणवायू त्याला कारण आहे, हे सिद्ध व्हायला १९५०चे दशक उजाडले. तोवर हजारो मुलांची दृष्टी गेली होती. म्हणून मापकावरचा आकडा ९५च्या वर गेला की आनंद न मानता सिस्टरांना सांगावे. तसेच २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासले गेले पाहिजेत. घरी सोडताना ही तारीख आईच्या कार्डावर लिहिली आहे का, हे पाहणे आपले काम.

दोन वाजताची नोंद

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी रात्रपाळीला होतो. कक्षात बारा वॉर्मर आणि सोळा बाळे. याचा अर्थ चार वॉर्मरांवर दोन-दोन बाळे होती. दोन स्टाफ सिस्टर. मध्यरात्रीनंतर एका सिस्टरना शस्त्रक्रियागृहातून बाळ घेण्यासाठी बोलावणे आले, दुसऱ्या एका झटके येणाऱ्या बाळापाशी अडकल्या. जाताना म्हणाल्या, ‘दोनची टेंपरेचर्स तेवढी करून ठेवा गं.’

वॉर्मर कसे चालते ते येथे सांगितले पाहिजे. बाळाच्या पोटाला एक तार चिकटविलेली असते. ती त्वचेचे तापमान मोजते, ते पडद्यावर दिसते, आणि त्याप्रमाणे वरची उष्णता आपोआप कमी-जास्त होते. तार एकच असते. दोन बाळे ठेवली तर तार एकालाच लागते.

आम्ही सोळा बाळांपैकी नऊ-दहा बाळांची तापमाने नीट थर्मामीटर लावून घेतली. मग एका बाळाचे दूध झाले, एकाचे सलाईन थांबले, पहाटेचे नमुने तयार करायचे राहिले होते. सात नंबरच्या वॉर्मरवर पडदा ३६.६ दाखवीत होता. आम्ही त्या वॉर्मरवरच्या दोन्ही बाळांच्या कागदांवर ३६.६ लिहिले आणि पुढे गेलो. आणखीही दोन ठिकाणी असेच केले. त्या वेळी यात काही खोटे आहे असे मनातही आले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

चार वाजता दूध पाजण्यासाठी सात नंबरवरचे दुसरे बाळ उचलले. मुलगी, पाच दिवसांची, १५२० ग्रॅमची. पाय बर्फासारखे. पोटाला हात लावला, तेही गार. लंगोट ओला, आणि ती सरकून वॉर्मरच्या कडेला, उष्णतेच्या झोताबाहेर गेली होती. थर्मामीटर ३५.२ म्हणाला. रडत नव्हती. गार पडलेले बाळ रडत नाही, ‘शहाणं’ होऊन पडून राहते.

आम्ही सिस्टरना हाक मारली. त्यांनी लंगोट बदलला, टोपी-मोजे घातले, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. ४२ निघाली. ४५च्या खाली ती कमी धरतात. दूध पाजले. मग त्या म्हणाल्या, ‘सातच्या छोटीच्या आईला उठवा.’ आई बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर झोपली होती. तिला आणून, खुर्चीवर टेकवून, पोर तिच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून पांघरूण गुंडाळले. सहाच्या सुमारास तापमान ३६.५ झाले. साखर तोवर ठीक आली होती.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, ‘दोनला छत्तीस-सहा आणि चारला पस्तीस-दोन? ऊब असताना दोन तासांत एवढे उतरले?’ नवजात बाळाचे तापमान कारण नसताना उतरणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबर होता. सिस्टर आमच्याकडे पाहत होत्या. आमच्यापैकी एकीने सांगितले की दोन वाजता त्या बाळाचे तापमान घेतलेच नव्हते. बोलताना आवाज फुटत नव्हता.

डॉक्टर काही बोलले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, ‘पोरींनो, दोन वाजता हे बाळ कसं होतं ते आता मला कुणीच सांगू शकत नाही.’ बाळ नुसते कडेला सरकून गार पडले, की आजारामुळे गार पडले, हे ठरविण्याचा मार्ग आम्ही बंद केला होता. धोका पत्करता येईना, म्हणून रक्ताची तपासणी पाठविली, शीर शोधून सुई लावली आणि प्रतिजैविके सुरू केली. त्या मुलीची शीर सापडायला चार वेळा टोचावे लागले. आम्ही तिचे हात धरून उभ्या होतो. दोन दिवसांनी तपासणीत जंतू आढळले नाहीत, औषध थांबविले. म्हणजे ती चार टोचणी आणि दोन दिवसांची औषधे बहुधा आमच्या एका आकड्यामुळे झाली.

सिस्टरनी तो आकडा खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने घालवू दिला नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायला लावली, खाली आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला ‘तापमान घेतले नव्हते’ असे लिहून सही घेतली. आणखी दोन ठिकाणी केले होते तिथेही. ट्यूटर मॅडमनी त्या आठवड्याचे तास धरले नाहीत. ते आम्ही दिवाळीच्या सुट्टीत भरून काढले.

शिक्षा योग्य होती. पण एक गोष्ट तेव्हा बोलायला धीर झाला नाही, ती आज बोलतो. एका वॉर्मरवर दोन बाळे का होती, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. सोळा बाळांच्या खोलीत काही काळ एकच सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी का होत्या, हेही विचारले गेले नाही. विद्यार्थिनीची चूक कागदावर रेघ मारून दाखविता येते. मनुष्यबळाच्या कमतरतेवर रेघ कशी मारायची? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी माफ होत नाही, असे आमचे मत आहे. आज आमच्यापैकी जी रुग्णालयात आहे ती दोन बाळे एका जागी ठेवावी लागली तर तसे नोंदवहीत लिहिते, वेळ घालून. वरिष्ठांना ते आवडतेच असे नाही.

पाहणारा डोळा

विद्यार्थिनीच्या सांगण्याला कोण विचारतो, असे वाटून गप्प राहू नये. यासाठी एक खरी हकीकत. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांच्या विभागाच्या प्रमुख सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. ऊन पडले की त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखविले. त्याची कावीळ उतरली होती, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकला गेलेला त्रिकोणी भाग तसाच पिवळाजर्द होता. डॉक्टरांनी ते मनावर घेतले, प्रयोग केले, आणि १९५८ साली प्रकाशाने कावीळ उतरते हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज आपल्या जिल्ह्यात ज्या निळ्या लाईटखाली बाळे ठेवतात, त्याचा उगम एका सिस्टरच्या निरीक्षणात आहे. त्यांनी जे दिसले ते सांगितले. आम्ही जे दिसले नाही ते लिहिले. हा फरक आम्हांला ती हकीकत वाचल्यावर कळला.

निळ्या लाईटखालच्या बाळाचे डोळे झाकलेले आहेत का, पट्टी घसरून नाकावर आली नाही ना, आणि ते मधूनमधून कूस बदलून ठेवले जाते ना, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी : दुसरे दार कुठे आहे, अग्निशामक कुठे आहे, प्राणवायूचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे बंद होतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशुकक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतील १० दगावली, ७ वाचविता आली. ही बालके आपल्यासारख्याच घरांतली होती.

दाराबाहेरची आई

कक्षात बाळाला नाव नसते. ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, असा कागद असतो. बोलताना तर ‘चार नंबर’, ‘सात नंबर’ एवढेच. आणि जिच्या नावाने बाळ ओळखले जाते ती बाई दाराबाहेर बसलेली. आत काय चालले आहे ते तिला माहीत नसते. ओल्या बाळंतिणीने फरशीवर बसून दिवस काढायचे, दूध काढून वाटीत द्यायचे, आणि आत घेतले तर दोन मिनिटे पाहायचे. आमच्या पोस्टिंगमध्ये बहुतेक वेळ असेच होते.

याला पर्याय आहे आणि तो जुना आहे. कोलंबिया देशात बोगोटा येथील सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत, एका पेटीत अनेक बाळे ठेवावी लागत आणि संसर्गाने मरत. १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी बाळ आईच्याच छातीला बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच कांगारू माता पद्धती. गरिबांचा तात्पुरता उपाय म्हणून मोठ्या देशांनी बरीच वर्षे तिच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे भारत आणि आफ्रिकेतील चार देशांतल्या पाच रुग्णालयांत, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, मोठा अभ्यास झाला. १ ते १.८ किलोची बाळे स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवली, तर मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटते, असे त्यात २०२१ साली दिसून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारने तर २०१७ सालीच आई-वडिलांना कक्षात घेऊन, हात धुण्यापासून शिकवून, शुश्रूषेत सहभागी करावे अशा सूचना काढल्या आहेत. सूचना आहेत, पण दारावरची माणसे ‘बाहेर थांबा’ म्हणतात. त्या दाराशी विद्यार्थिनी उभी असेल तर तिने आईला हात धुवायला शिकवून आत आणावे. त्या रात्री सात नंबरला वॉर्मरने नव्हे, आईने गरम केले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता मृत्यूविषयी. यावर आम्हांला एकही तास शिकविला गेला नव्हता. पहिल्या दिवशी पाहिलेले ९८० ग्रॅमचे बाळ चौथ्या दिवशी गेले. आम्हांला त्याला स्वच्छ करून गुंडाळायला सांगितले. वडील आले, एका जुन्या टॉवेलमध्ये बाळ घेतले, ‘सही कुठं करू?’ एवढेच विचारले आणि गेले. आम्ही दोघींनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. कक्षात मात्र अर्ध्या तासात त्या जागी दुसरे बाळ आले.

दुसऱ्या दिवशी एका कामासाठी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो तर त्या बाळाची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. छाती दगडासारखी, अंगात कणकण, आणि झग्याला दुधाचे डाग. बाळ गेले तरी दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायचे ते येतेच. शरीराला बातमी कळलेली नसते. तिला कोणी काही सांगितले नव्हते, आणि तिला वाटत होते की तिलाच काही रोग झाला. इथे आम्ही प्रसाविका विद्यार्थिनी म्हणून उपयोगी पडलो : गार पाण्याच्या घड्या, घट्ट पण न काचणारा आधार, ठणका कमी होण्यापुरतेच थोडे दूध काढणे, डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी. मग ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही त्याला पाहिलं व्हतं का? कुणासारखा व्हता?’ आम्ही जे पाहिले होते ते सांगितले. केस दाट होते, बोटे लांब होती. तिने बाळाला एकदाही पाहिले नव्हते.

घरी सोडल्यानंतर

बाळ कक्षातून सुटले म्हणजे धोका सुटला असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतील, थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. वजन घेणे, ऊब, दूध, जंतुसंसर्ग ओळखणे, एवढेच नव्हे तर इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज आशाताई घरोघर भेटी देतात त्याचे मूळ तिथे आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट ठरलेली आहे. शिशुकक्षातून बाळ सुटते तेव्हा त्याच्या गावच्या आशाताईंना तसे कळविले गेले पाहिजे. आमच्यापैकी जी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे तिचा अनुभव असा की निरोप पुष्कळदा येत नाही. दहा दिवसांनी कोणीतरी बाळ घेऊन येते तेव्हा कळते की ते काचेच्या खोलीत होते.

म्हणून विद्यार्थिनीने सोडण्याच्या दिवशी आईसमोर बसून चार गोष्टी करून घ्याव्यात. तिच्या हाताने बाळाचे पोट व पाय तपासून घ्यावेत. बोंडल्याने किंवा वाटीने एकदा पाजून दाखवायला सांगावे. बाळ दूध सोडेल, गार किंवा तापलेले लागेल, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेईल, छाती आत ओढेल, झटका येईल, तर लगेच परत यायचे हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. आणि आशाताईंचा फोन नंबर तिच्याकडे आहे का ते पाहावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बालकाचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे, हेही सांगावे. गाडीभाड्याच्या काळजीने लोक सकाळची वाट पाहतात.

सात नंबरची ती मुलगी एकविसाव्या दिवशी १७१० ग्रॅमची होऊन घरी गेली. तिच्या आईला हात धुणे आमच्यापेक्षा चांगले जमू लागले होते.

यंदा ज्या मुली पोस्टिंगला जाणार आहेत त्यांनी निघण्यापूर्वी कोणत्याही रविवारी सकाळी अभ्यासिकेत भेटावे. आमचे जुने केस-बुक तिथल्या कपाटात ठेवले आहे. तापमानाच्या तक्त्याचे पान मुद्दाम दुमडून ठेवले आहे, तेथून सुरुवात करावी.